डेंग्यू आणि नळाचं वेळापत्रक

शहरात डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की दोन गोष्टी ठरल्याप्रमाणे होतात. संध्याकाळी गल्लीबोळांतून धूर फवारणीचं यंत्र फिरू लागतं आणि दिवसा घरोघर तपासणी होऊन, पिंपात अळ्या सापडल्या म्हणून कुटुंबाच्या हातात नोटीस पडते. धुरामुळे प्रशासन कामाला लागल्याचं सगळ्यांना दिसतं, नोटिशीमुळे चूक कुणाची हे ठरून जातं. साथ ओसरली की दोन्ही थांबतं आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच सुरू होतं. माझा आक्षेप असा की या धावपळीत मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. कोणत्या वस्तीला पाणी किती तास मिळतं, उरलेल्या वेळेसाठी लोकांना ते कशात साठवावं लागतं, आणि त्या साठवणीला घट्ट झाकणं पुरवण्याची जबाबदारी कुणाची? डेंग्यू हा शहराच्या पाणीपुरवठ्याशी बांधलेला आजार आहे असं मानून काम केल्याशिवाय तो आटोक्यात येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

आजाराचा पसारा आधी पाहू. 1970 पूर्वी तीव्र डेंग्यूच्या साथी जेमतेम 9 देशांनी अनुभवल्या होत्या. आज हा ताप 100हून अधिक देशांत मुक्काम ठोकून आहे. 2024 मध्ये जगभरात 1 कोटी 40 लाखांहून जास्त रुग्णांची नोंद झाली, त्यांतले 60 लाखांहून जास्त एकट्या ब्राझीलमधले. ही झाली फक्त नोंद. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा होता की वर्षाला सुमारे 39 कोटी लोकांना डेंग्यूचा संसर्ग होतो आणि त्यांतल्या सुमारे 9 कोटी 60 लाखांनाच कळून येईल इतका आजार होतो. बाकीचे लोक अंगात विषाणू घेऊन कामावर जातात, बाजारात फिरतात, शाळेत बसतात.

हा आजार पसरवणारा मुख्य डास म्हणजे एडिस इजिप्ती, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा. त्याचे पूर्वज आफ्रिकेतल्या जंगलांत, झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात वाढत. त्यांतली एक शाखा माणसाच्या वस्तीला आली, माणसाचंच रक्त पसंत करू लागली आणि माणसाने भरून ठेवलेल्या पाण्यात तिची वीण होऊ लागली. गुलामांना घेऊन जाणाऱ्या जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून हा डास अटलांटिकपलीकडे पोचला, असं अभ्यासक मानतात. साठवलेलं पाणी आणि हा डास यांची सोबत इतकी जुनी आहे. सांडपाण्यात वाढतो तो बहुतेक वेळा क्युलेक्स, त्याची जात वेगळी. एडिसला लागतं ते तुलनेने स्वच्छ, संथ पाणी. पिंप, सिमेंटची टाकी, बादली, फुलदाणी, कुंडीखालची ताटली, फेकलेला टायर, बांधकामावरचा हौद, यांतलं काहीही त्याला चालतं. पण ही सगळी भांडी सारखीच धोक्याची नसतात. अळीनंतरच्या अवस्थेतले कोष मोजून केलेल्या पाहण्यांत वारंवार असं दिसलं आहे की एखाद्या भागातले बहुतेक डास थोड्याच प्रकारच्या भांड्यांतून बाहेर पडतात. पाण्याची टंचाई असलेल्या ठिकाणी ही भांडी म्हणजे बहुधा घरातली मोठी पिंपं आणि टाक्या. तपासणीच्या तक्त्यात मात्र फुलदाणीही एक ‘दूषित कंटेनर’ आणि उघडी टाकीही एकच. अशा मोजणीवर आखलेली मोहीम फुलदाण्या उपडी करण्यात दमून जाते.

या डासाची अंडी घालण्याची रीत समजली की उपदेशांचा पोकळपणाही समजतो. मादी पाण्यावर अंडी सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला ती चिकटवते. पाणी आटलं तरी अंडी मरत नाहीत, कोरडी पडून महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा तिथवर चढलं की त्यांतून अळ्या निघतात. उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करा, आतून घासा, वाळवा आणि मग भरा, असं सांगितलं जातं. सल्ला अगदी बरोबर आहे. तो ऐकणाऱ्याची परिस्थिती मात्र त्यात गृहीत धरलेली नाही.

ज्याच्या नळाला दिवसरात्र पाणी आहे त्याला पिंप लागतच नाही, त्यामुळे कोरडा दिवस त्याच्या घरी आपोआप पाळला जातो. ज्याला एक दिवसाआड तासभर पाणी येतं, तेही कमी दाबाने, त्याच्या घरात पिंप रिकामं करणं म्हणजे उद्याचं पाणी ओतून देणं. पिंप घासायलाही पाणी लागतं. घट्ट बसणारं झाकण विकत घ्यावं लागतं. शिवाय पाणी येण्याच्या वेळेला घरातलं कुणीतरी, बहुतेक वेळा एखादी बाई, झोप मोडून किंवा कामाचा खाडा करून थांबलेली असते. तिच्या पिंपात अळ्या सापडल्या तर दंड तिला. पाणी वेळेवर न देणाऱ्या खात्याला मात्र अळ्या सापडल्याबद्दल कधी नोटीस गेल्याचं ऐकिवात नाही. मला यातला अन्याय तर खटकतोच, पण त्याहून जास्त खटकतं ते हे की अशाने डास कमी होत नाहीत. दंडाच्या धाकाने लोक तपासणीला आलेल्यांना दार उघडत नाहीत किंवा पिंप लपवतात, साठवायचं थांबवत नाहीत, कारण थांबवताच येत नाही.

व्हिएतनाममधल्या एका प्रांतात, सुमारे साडेतीन लाख लोकांच्या नोंदी घेऊन केलेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे मोजून दाखवलं. डेंग्यूच्या उद्रेकांचा धोका सर्वांत जास्त होता तो चौरस किलोमीटरला साधारण 3,000 ते 7,000 लोक राहणाऱ्या, नळाचं पाणी नीट न पोचलेल्या भागांत. त्याहून दाट पण नळ असलेल्या शहरी भागांत धोका तुलनेने कमी निघाला. ‘गर्दी आहे म्हणून डेंग्यू आहे’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांनी हा निष्कर्ष नीट वाचावा. शहराची वाढ पाइपलाइनच्या पुढे धावत असते, त्या मधल्या पट्ट्यात डेंग्यू फोफावतो. ब्राझीलमधल्या 2021 च्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. अतिवृष्टीनंतर पहिल्या काही महिन्यांत डेंग्यूचा धोका वाढतो हे अपेक्षितच होतं. पण तीव्र दुष्काळानंतरही तीन ते पाच महिन्यांनी तो वाढतो, आणि पाणीपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या भागांत हा परिणाम अधिक ठळक दिसतो. आकाशातून पाणी पडो वा न पडो, ते भांड्यात साठवायची वेळ लोकांवर आली की डासाचं फावतं. पाणीकपात जाहीर करताना त्याच दिवशी कीटक नियंत्रण विभागाला इशारा गेला पाहिजे, ही साधी गोष्ट यातून निघते.

हवामान बदलाचं कारण हल्ली फार सहज पुढे केलं जातं. तापमानाचा परिणाम खरा आहे. डासाच्या शरीरात विषाणू तयार होऊन तो चाव्यातून पसरण्याजोगा व्हायला साधारण 8 ते 12 दिवस लागतात, उष्णता वाढली की हा काळ आखडतो, आणि या डासामार्फत होणाऱ्या प्रसाराला 29 अंश सेल्सिअसच्या आसपासचं तापमान सर्वांत पोषक असतं. पण हवा सारखीच असताना दोन शहरांचं नशीब किती वेगळं असू शकतं याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेतलं लारेडो आणि मेक्सिकोतलं नुएव्हो लारेडो ही एका नदीच्या दोन काठांवरची शहरं. 1999 मध्ये तिथे केलेल्या पाहणीत डासांची पैदास लारेडोत जास्त आढळली. तरीही पूर्वी डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा ज्यांच्या रक्तात होत्या, अशांचं प्रमाण नुएव्हो लारेडोत सुमारे 48 टक्के होतं, लारेडोत सुमारे 23 टक्के. हवामान तेच, डास उलट जास्त, आणि आजार निम्मा. फरक होता घरांचा. लारेडोत वातानुकूलन होतं, त्यामुळे दारं-खिडक्या बंद असत आणि डास व माणूस यांची गाठ कमी पडत असे. प्रत्येक घर वातानुकूलित करा असं मी म्हणणार नाही, ते परवडणारंही नाही आणि शहाणपणाचंही नाही. पण खिडकीला जाळी आणि पाण्याच्या टाकीला पक्कं झाकण या गोष्टी घरबांधणीच्या नियमांत यायला हव्यात, आणि गरिबांसाठी सरकारी खर्चाने बांधलेल्या घरांत तर त्या पहिल्या दिवसापासून असायला हव्यात.

आता धुराकडे येऊ. एडिसची मादी रक्त प्यायल्यावर घरातल्या अंधाऱ्या, थंड जागी विसावते, म्हणजे पलंगाखाली, कपाटामागे, टांगलेल्या कपड्यांत. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा धूर तिथवर पोचत नाही. गाडी आली की लोक दारं-खिडक्या लावून घेतात, आणि धुराचा त्रास होणाऱ्या दमेकऱ्याने तसं करावंच. धुरातले कीटकनाशकाचे थेंब हवेत असेपर्यंत उडत्या डासाला लागले तर लागले, नंतर त्यांचा प्रभाव उरत नाही. पिंपातल्या अळ्या आणि भिंतीवरची अंडी तशीच राहतात, पुढच्या आठवड्यात नवे डास हजर. अनेक देशांत या डासांमध्ये पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांना दाद न देणारे जनुकीय बदल पसरले आहेत, त्यामुळे लागलेला थेंबही पूर्वीसारखा मारत नाही. हे तज्ज्ञांना अनेक वर्षांपासून ठाऊक आहे. तरीही फवारणी चालू राहते, कारण नागरिक ती मागतात आणि लोकप्रतिनिधींना ती दाखवता येते. इथे दोष आपल्याकडेही येतो. आपण ‘आमच्या गल्लीत धूर का मारला नाही’ अशी तक्रार करतो, ‘आमच्या टाकीचं झाकण का दुरुस्त झालं नाही’ अशी करत नाही.

कीटकनाशकाला माझा सरसकट विरोध नाही. ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहरात एका साथीच्या वेळी प्रत्येक रुग्ण आजारी पडण्याआधी कुठे कुठे गेला होता हे विचारून काढलं गेलं आणि त्या घरांच्या आत, डास विसावतात त्याच जागांवर टिकाऊ फवारणी केली गेली. अशा ठिकाणी पुढे संसर्ग होण्याची शक्यता 86 ते 96 टक्क्यांनी घटली, असं 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसलं. हे काम संथ आणि खर्चिक आहे. त्यासाठी प्रशिक्षित माणसं लागतात, रुग्णाशी बोलावं लागतं, लोकांनी घरात येऊ द्यावं इतका विश्वास कमवावा लागतो. हजारो रुग्ण झाल्यावर ते जमणारही नाही. हंगामाच्या सुरुवातीला, रुग्ण मोजके असताना मात्र जमू शकतं, आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेक शहरांत कंत्राटी कर्मचाऱ्यांची भरतीसुद्धा झालेली नसते.

उशीर हा या आजारात फार महाग पडतो. डास चावल्यानंतर माणसाला ताप यायला साधारण 4 ते 10 दिवस लागतात. मग तो दोन-तीन दिवस अंगावर काढतो, डॉक्टरकडे जातो, तपासणी होते, अहवाल येतो आणि काही दिवसांनी नाव यादीत चढतं. तोवर त्याला चावलेले डास पुढच्या माणसांना चावू लागलेले असतात. ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्याच्या रक्तातून डासाला विषाणू मिळू शकतो. आणि ज्यांना काहीच होत नाही अशा माणसांचं काय? कंबोडियातल्या 2015 च्या एका अभ्यासात लक्षणं नसलेल्या लोकांकडूनही डासांना संसर्ग होतो हे सिद्ध झालं. याचा अर्थ, रुग्णालयातून आलेल्या यादीमागे धावणारी यंत्रणा कायम दोन-तीन आठवडे मागे असते आणि संसर्गाचा मोठा भाग तिला दिसतच नाही. म्हणून डेंग्यूवरचं काम साथ नसताना करावं लागतं, कोरड्या महिन्यांत, जेव्हा बातम्यांत त्याचं नावही नसतं.

दुसरी अडचण भूगोलाची. ही मादी आयुष्यभरात फार लांब उडत नाही, जन्मलेल्या ठिकाणापासून शे-दोनशे मीटरच्या परिसरातच बहुधा फिरते. तरीही डेंग्यू एका आठवड्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचतो, कारण त्याला माणसं नेतात. पेरूमधल्या इक्विटोस शहरात लोकांच्या रोजच्या येण्याजाण्याचा मागोवा घेऊन केलेल्या अभ्यासात, संसर्ग मुख्यतः लोक ज्या घरांना भेटी देतात त्या घरांच्या जाळ्यातून पसरतो असं आढळलं. नातेवाइकांचं घर, मैत्रिणीचं घर, शिकवणीची खोली. त्यामुळे चोवीस तास पाणी असलेल्या संकुलातल्या माणसाने शेजारच्या वस्तीतल्या पिंपांकडे पाहून नाक मुरडणं निरर्थक आहे. त्याच्या घरी कामाला येणारी बाई त्या वस्तीतून येते, आणि तो स्वतः दिवसभर ज्या कार्यालयात बसतो तिथल्या गच्चीवर काय साचलं आहे हे त्याला माहीत नसतं.

या आजाराचा एक गुण प्रशासनांनी अजून पुरता मनावर घेतलेला नाही. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, पण नंतर दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार तीव्र होण्याची शक्यता वाढते, कारण आधीच्या प्रतिपिंडांची, म्हणजे पहिल्या संसर्गाशी लढताना शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची, विषाणूला पेशींत शिरायला मदतच होते. क्यूबात 1977 मध्ये पहिल्या प्रकाराची मोठी साथ आली, तिने फारसे बळी घेतले नाहीत. 1981 मध्ये दुसरा प्रकार आला. काही महिन्यांत सुमारे 3 लाख 44 हजार रुग्ण झाले, 10 हजारांहून जास्त जणांना तीव्र आजार झाला आणि 158 जण दगावले, त्यांत 101 मुलं होती. पुढे 1997 मध्ये सँतियागो दे क्यूबा या शहरात पुन्हा दुसरा प्रकार पसरला, तेव्हा तीव्र आजार प्रामुख्याने त्या प्रौढांना झाला ज्यांना वीसएक वर्षांपूर्वी पहिला प्रकार होऊन गेला होता. म्हणून ‘या वर्षी साथ सौम्य होती’ असं म्हणून सुस्कारा सोडणं धोक्याचं आहे. आजचे सौम्य रुग्ण पुढच्या प्रकाराच्या साथीत जास्त जोखमीत असतात, आणि शहरात कोणता प्रकार फिरतो आहे याची तपासणी सतत चालू ठेवली नाही तर हे आधी कळायला मार्ग नाही.

माझ्या म्हणण्याला सर्वांत वजनदार उत्तर इतिहासातून येतं आणि ते टाळणं योग्य होणार नाही. घराघरात शिरून, दंड करून हा डास हटवता येतो हे अनेकदा सिद्ध झालं आहे. 1901 मध्ये क्यूबाची राजधानी हवाना इथे अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी घरोघर तपासणी, पाण्याच्या टाक्यांवर तेल आणि झाकणं, आणि हयगयीला दंड या मार्गाने पिवळा ताप संपवला. तोही हाच डास पसरवतो. 1947 पासून, अमेरिकी साथरोगतज्ज्ञ फ्रेड सोपर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका खंडात याच कडक शिस्तीची मोहीम झाली आणि 1962 पर्यंत 18 देश एडिस इजिप्तीमुक्त जाहीर झाले. हे यश खोटं नव्हतं. पण मोहीम संपली, पैसा आटला, तपासनीस दुसऱ्या कामांना लागले आणि पुढच्या काही दशकांत डास जवळजवळ सगळीकडे परतला, कारण पिंपं तिथेच होती. टायर आणि प्लास्टिकचा कचरा तर पूर्वीपेक्षा कितीतरी वाढला होता. शिस्तीने डास हटतो, पण पाण्याची सोय बदलली नाही तर ती शिस्त कायमची ठेवावी लागते, आणि कोणतंही शहर ती कायम ठेवू शकलेलं नाही.

सिंगापूरचं उदाहरण लोक हमखास देतात. तिथे घरात पैदास सापडली तर दंड होतो आणि तो वसूलही होतो. अळ्या सापडणाऱ्या घरांचं प्रमाण तिथे 1970 च्या दशकातच 2 टक्क्यांच्या आसपास आणलं गेलं. पण त्याच काळात लोकसंख्येचा मोठा भाग जुन्या दाटीवाटीच्या वस्त्यांतून नळ आणि मलनिस्सारण असलेल्या सरकारी इमारतींत राहायला गेला, हे दंडाची महती सांगताना विसरलं जातं. तिथे राज्याने आपलं काम आधी केलं आणि मग नागरिकाला जाब विचारला. या क्रमाला माझी पूर्ण संमती आहे. आणि तरीही सिंगापूरमध्ये 2005 मध्ये सुमारे 14 हजार आणि 2020 मध्ये 35 हजारांहून जास्त रुग्ण झाले. डास कमी राहिल्याने एका पिढीला संसर्गच झाला नव्हता, प्रतिकारशक्ती घटली होती आणि थोडे डासही साथ पसरवायला पुरे पडू लागले. इतक्या समर्थ शहराला जे पेलवत नाही ते पाणी न देता केवळ नोटिसा देऊन जमेल, ही अपेक्षा मला समजत नाही.

लोकांचा सहभाग निरुपयोगी आहे असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. निकाराग्वा आणि मेक्सिकोमध्ये, रसायनांशिवाय, वस्त्यांनी स्वतःचे उपाय स्वतः ठरवायचे अशी चाचणी घेतली गेली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या वस्त्यांतल्या मुलांमध्ये नव्या संसर्गाचं प्रमाण सुमारे 29 टक्क्यांनी कमी निघालं. तिथे माणसांना त्यांच्याच घरातल्या अळ्या दाखवल्या गेल्या, त्यांच्याशी चर्चा झाली आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला गेला. धाकाऐवजी विश्वासाने इतका फरक पडत असेल तर तो मार्ग धरलाच पाहिजे. पण उरलेल्या सत्तर टक्क्यांचं ओझंही लोकांच्याच डोक्यावर ठेवू नये.

नवे उपाय आशादायक आहेत. वोल्बाकिया हा अनेक कीटकांमध्ये निसर्गतः आढळणारा जिवाणू एडिस इजिप्तीत सोडला की त्याच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही, आणि जिवाणू अंड्यांमधून पुढच्या पिढीत जातो. इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहराचे 24 भाग करून, त्यांतल्या 12 भागांत असे डास सोडून घेतलेल्या चाचणीत डेंग्यूचे रुग्ण 77 टक्क्यांनी घटले. ही मोठी गोष्ट आहे. लशींची वाट मात्र खडतर ठरली. फिलिपीन्सने 2016 पासून आठ लाखांहून जास्त शाळकरी मुलांना डेंग्यूवरची पहिली लस दिली. ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही त्यांच्यात ही लस पुढच्या संसर्गात आजार तीव्र करू शकते हे 2017 च्या अखेरीस उत्पादक कंपनीनेच जाहीर केलं, आणि त्या देशात लसीकरणावरचाच विश्वास डळमळला. नंतरच्या लशी वेगळ्या आहेत, त्यांचा उपयोग जपून व्हायलाही हवा. पण लस आली म्हणून पाणीपुरवठ्याची कामं पुढे ढकलणं घातक ठरेल.

मृत्यूंबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण तिथे शहर आजच्या आज काही करू शकतं. डेंग्यूत बहुतेक मृत्यू टळू शकतात. तीव्र आजारातही वेळेवर योग्य उपचार मिळाले तर मृत्यूचं प्रमाण 1 टक्क्याच्या खाली ठेवता येतं. धोक्याचा काळ येतो तो ताप उतरू लागल्यावर, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, जेव्हा रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो. घरच्यांना वाटतं माणूस बरा होतोय, आणि नेमकं तेव्हाच पोटात तीव्र दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थपणा किंवा गुंगी ही लक्षणं दिसली तर तासाभराचाही उशीर चालत नाही. या टप्प्यावर सर्वांत महत्त्वाचं असतं ते शरीरात किती द्रव जातो आणि किती टिकतो हे पाहत राहणं. समाजात मात्र सगळी चिंता प्लेटलेटच्या आकड्याभोवती फिरते, नातेवाईक रक्तपेढ्यांच्या दारात धावतात. सिंगापूर आणि मलेशियात घेतलेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्लेटलेट 20 हजारांपर्यंत घसरलेल्या प्रौढांना रक्तस्राव नसताना प्लेटलेट चढवल्याने रक्तस्राव टळला नाही, उलट त्रास झालेल्यांची संख्या वाढली. वस्तीतल्या दवाखान्यात रोज रक्तदाब, लघवीचं प्रमाण आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) तपासणारी एक प्रशिक्षित परिचारिका असेल, ती तापाच्या रुग्णाला ताप उतरल्यावरही परत बोलावत असेल, तर जितके जीव वाचतील तितके धुराच्या दहा गाड्यांनी वाचणार नाहीत. तापासाठी पॅरासिटामॉल घ्यावं, अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळावं, हेही तिने प्रत्येकाला सांगायला हवं, कारण या दोन गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मग मागायचं काय? पहिली मागणी माहितीची. प्रत्येक प्रभागात आठवड्याला किती तास पाणी आलं आणि तिथे तापाचे किती रुग्ण आढळले, हे दोन आकडे एकाच नकाशावर, एकाच दिवशी, सर्वांना दिसतील असे प्रसिद्ध व्हावेत. आज ते दोन खात्यांच्या दोन कपाटांत असतात आणि एकमेकांना भेटत नाहीत. डेंग्यू नियंत्रणाच्या बैठकीला आरोग्य अधिकाऱ्याइतकाच पाणीपुरवठ्याचा अभियंता उपस्थित असला पाहिजे, आणि कचरा खात्याचा माणूसही, कारण टायर आणि प्लास्टिक उचलणं त्याचं काम आहे. पाणी अपुरं मिळणाऱ्या प्रत्येक घराला जाळी असलेलं, घट्ट बसणारं झाकण फुकट द्यावं आणि ते तुटलं तर बदलून द्यावं. अळ्यांची मोजणी भांड्यांच्या संख्येवरून न करता कोषांवरून करावी, म्हणजे मोठ्या टाक्या आधी हाती लागतील. दंड करायचाच असेल तर तो बांधकामं, गोदामं, सरकारी इमारती आणि मोठ्या संस्थांपासून सुरू व्हावा, जिथे पाणी साचू देण्यामागे लाचारी नसून हलगर्जी असते. कीटक नियंत्रणाचे कर्मचारी बारा महिन्यांच्या नेमणुकीवर हवेत, त्यांचं काम कोरड्या महिन्यांत सर्वांत जास्त असावं. आणि धूर फवारणीवर होणारा खर्च दरवर्षी वेगळा दाखवावा, त्याच्या शेजारी त्याच वर्षी नव्याने किती घरांना नियमित पाणी मिळू लागलं तो आकडा छापावा. अर्थसंकल्पाच्या चर्चेला बसणाऱ्या प्रत्येक नगरसेवकाच्या हातात ते पान असायला हवं.